ढगीचं बाळंतपण : प्रकल्प नोंदी

२ ऑक्टोबर

ढगी ही सशाची मादी आज आमच्याकडे आली. वय १० महिने, वजन २ किलो १०० ग्रॅम, रंग राखाडी, गळ्याखाली लोंबत्या कातडीची चांगली जाड पोळी. चुलतभावाने २६ सप्टेंबरला तिला जोडीदार म्हणून नर आणला आणि आज सकाळपर्यंत दोघं एकाच पिंजऱ्यात होती. दोघांचं करणं झेपेना म्हणून ही माझ्याकडे. "काही झालं नसेल गं ताई," असं जाता जाता सांगून गेला. वयात आलेली जोडी, आठवडाभर एकत्र, आणि म्हणे काही झालं नसेल! सशाच्या मादीला गाई-म्हशीसारखा ठरावीक दिवसांनी माज येत नाही. नर लागल्यावर साधारण १० ते १३ तासांनी स्त्रीबीज सुटतं, म्हणजे बहुतेक वेळा एक भेट पुरते. तेव्हा गाभण आहे असं धरूनच वही उघडली.

पहिल्या पानावर तारखांचा हिशेब. गर्भारपण २८ ते ३५ दिवसांचं, बहुतेक जणी ३१ किंवा ३२व्या दिवशी वितात. नर २६ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर सोबत होता. त्यावरून लवकरात लवकर २४ ऑक्टोबर, उशिरात उशिरा ६ नोव्हेंबर, आणि खरा जोर २७ ऑक्टोबर ते ३ नोव्हेंबर. मला एक तारीख हवी होती, मिळाला पंधरवडा.

नर तिकडेच राहिला हे उत्तम. मादी व्यायल्यावर काही तासांत पुन्हा गाभण राहू शकते आणि मग पिल्लांना पाजता पाजता पोटात दुसरं वेत वाढतं. भावाला म्हटलं, त्याची नसबंदी करून घे. पण त्यानंतरही काही आठवडे तो बाप होऊ शकतो, तेवढे दिवस कुठल्याही मादीजवळ सोडू नकोस.

५ ऑक्टोबर

रुळतेय. आतल्या खोलीचा दाराआडचा कोपरा तिला दिलाय. तिथे ऊन नाही, टीव्ही नाही, येजा नाही. पिंजऱ्याचं दार उघडं ठेवून भोवती जाळीचं कुंपण केलंय, म्हणजे पाय मोकळे होतात. लघवीची जागा तिने पहिल्याच दिवशी ठरवली : डावीकडचा मागचा कोपरा. हे नोंदवून ठेवते, विण्यासाठी पेटी ठेवताना कामाला येईल.

उचलणं बंद. उचललेलं बहुतेक सशांना आवडतच नाही. घाबरून मागचे पाय झाडले तर पाठीचा कणा मोडू शकतो, आणि आता तर पोटात पिल्लं असतील. वजन करायचं असेल तर काट्यावर टोपली ठेवायची, आत कोथिंबिरीच्या दोन काड्या टाकायच्या. ती आपली आपण चढते.

१४ ऑक्टोबर

डॉक्टरांकडे. आजचा दिवस मुद्दाम धरला होता : नरापासून वेगळी होऊन १२ दिवस झाले, म्हणजे कुठल्याही हिशेबाने आता हाताला कळायला हवं. डॉक्टरांनी पोटाखालून हलक्या हाताने चाचपलं आणि अर्ध्या मिनिटात मान हलवली. द्राक्षाएवढे गोळे लागतात म्हणे. हे घरी करून बघायचं नाही, असंही लगेच बजावलं, कारण दाब चुकला तर गर्भाला इजा होते आणि अननुभवी हाताला लेंड्यांचे गोळेसुद्धा पिल्लंच वाटतात. सोनोग्राफीत हृदयाचे ठोके दिसले. "चार तरी आहेत. नक्की आकडा मला विचारू नका."

ही खात्री होणं माझ्यासाठी फार गरजेचं होतं. सशांमध्ये खोटं गर्भारपण सर्रास होतं. स्त्रीबीज सुटतं, गर्भ धरत नाही, तरी मादी १६ ते १८ दिवसांच्या सुमाराला केस उपटून घरटं बांधते. आपण पेटी घेऊन वाट बघत बसायचं आणि आत काहीच नाही.

खाण्यात बदल हळूहळू करायचा. आधारभूत अन्न वाळलेलं गवतच, तेही हवं तेवढं. आजपासून त्यात थोडा लसूणघास, कारण त्यात प्रथिनं आणि कॅल्शियम जास्त. पेलेट (सशांच्या खाद्याच्या तयार गोळ्या) १६ ते १८ टक्के प्रथिनांचे, रोज चिमूटभर वाढवत न्यायचे. एकदम खाणं बदललं की सशाचं आतडं बिघडतं, आणि गाभण मादीत ते दुपटीने महागात पडतं. पाण्याची बाटली आहेच, शिवाय जड वाडगंही ठेवलं. वाडग्यातून ती जास्त पिते.

डॉक्टरांनी दोन गोष्टींवर बोट ठेवलं. शेवटच्या आठवड्यात खाणं पूर्ण थांबलं, मलूल पडली, तोंडाला नेलपॉलिश काढायच्या द्रावणासारखा वास आला, तर तो प्रेग्नन्सी टॉक्सिमिया. पोटातल्या पिल्लांना पुरवठा कमी पडला की आई स्वतःची चरबी जाळू लागते आणि रक्तात कीटोन साचतात. यात तास मोजून हातात असतात, त्यामुळे सकाळची वाट न बघता निघायचं. जाड माद्यांना धोका जास्त; पण म्हणून आता खाणं तोडणं हा त्याहून मोठा धोका. दुसरं, कळा सुरू होऊन अर्धा तास जोर करतेय आणि पिल्लू येत नाही, तर तसंच पेटाऱ्यात घालून आणायचं. कळांचं इंजेक्शन घरी कुणी द्यायचं नाही. पिल्लू अडकलेलं असताना ते दिलं तर गर्भाशय फाटू शकतं.

घरातल्या औषधांच्या डब्यातलं काहीही तिला द्यायचं नाही. अमॉक्सिसिलिन माणसांना सर्रास देतात. सशाच्या पोटात तोंडावाटे गेलं तर आतड्यातले चांगले जिवाणू मरून ससाही दगावू शकतो. पिसवांसाठी कुत्र्यांना लावतात ते फिप्रोनिलही सशाला विष.

१९ ऑक्टोबर

वजन २ किलो २८० ग्रॅम. भूक दांडगी. चिरंजीवांना चावली, कारण त्यांनी पिंजऱ्यात हात घालून तिचं गवत 'नीट' लावायला घेतलं होतं. आता पिंजऱ्यातली व्यवस्था फक्त माझ्या हाताने आणि रोज एकाच वेळी.

२१ ऑक्टोबर

पेटी. यावर दोन संध्याकाळी घालवल्या आणि त्या सार्थकी लागल्या असं माझं मत आहे.

प्लायवूडची पेटी, लांबी ४५, रुंदी ३०, मागची उंची ३० सेंटिमीटर. मादी आत शिरून वळू शकली पाहिजे. पण त्याहून मोठी नको, नाहीतर पिल्लं पांगतात. सशाची पिल्लं उघडी-नागडी जन्मतात आणि पहिले काही दिवस एकमेकांच्या उबेवर काढतात. पुढची बाजू १५ सेंटिमीटर. त्याहून खाली केली तर पिल्लं बाहेर सांडतात, वर केली तर उडी मारताना आईची कास घासते. कडा रंध्याने मोडल्या, वरून बोट फिरवून कूस लागत नाही ना ते बघितलं. तळाला बारीक भोकं, लघवी साचू नये म्हणून. रंग, व्हार्निश काही नाही, कारण ती ते कुरतडणारच.

आत खाली बिनवासाच्या लाकडाच्या छिलक्यांचा पाच सेंटिमीटर थर. देवदाराचे छिलके नकोत, त्यांच्या वासातली द्रव्यं सशाच्या फुप्फुसाला आणि यकृताला बाधतात. त्यावर गवत ठासून भरलं आणि मागच्या बाजूला मुठीने खळगा केला. कापूस आणि जुनी फडकी घालायचा मोह सगळ्यांना होतो. सासूबाई तर मऊ साडी फाडायला निघाल्या होत्या. पण धागे पिल्लांच्या पायांना गुंडाळले जाऊन रक्त थांबतं, पाय काळा पडतो. अस्तराचं काम ती स्वतःच्या केसांनी करेल.

पेटी तयार आहे, पण अजून आत ठेवलेली नाही. फार आधी ठेवली की तिचा संडास होतो.

२४ ऑक्टोबर

पहिला दिवस, हिशेबातल्या पंधरवड्याचा. पेटी ठेवली, उजव्या बाजूला, तिच्या लघवीच्या कोपऱ्यापासून दूर. आली, हुंगली, चारही कडांना हनुवटी घासली (हनुवटीखाली गंधग्रंथी असतात, त्या घासून 'हे माझं' अशी खूण करते) आणि आत जाऊन बसली. मग व्यवस्थित आत मुतली. गवत-छिलके काढले, पेटी पुसून वाळवली, पुन्हा भरली. लघवीने भिजलेलं थोडं गवत तिच्या जुन्या कोपऱ्यात नेऊन ठेवलं, आठवण म्हणून.

२६ ऑक्टोबर

संध्याकाळी सात वाजता गवत उचलणं सुरू. खाण्याचं गवत ती एकेक काडी ओढून खाते. हे वेगळं : तोंडात आडवा जुडगा धरला, पुन्हा वाकून त्यात आणखी काड्या कोंबल्या, दोन्हीकडे वीतभर टोकं लोंबतायत, आणि ते घेऊन कुंपणाला एक फेरी. पेटीत उडी मारताना टोकं काठाला अडली. मागे सरली, मान तिरकी केली, एक बाजू आधी आत घातली. मग आतून पंजांनी थोपटल्याचा आवाज. मी केलेला मुठीचा खळगा तिने मोडला आणि डाव्या कोपऱ्यात स्वतःचा केला.

गवत आणखी टाकलं. बाकी काही केलं नाही.

२७ ऑक्टोबर

आज खाणं निम्म्यावर.

हा सगळ्या प्रकल्पातला अवघड दिवस, कारण दोन्ही अर्थ निघतात. विण्याच्या आदल्या एक-दोन दिवसांत मादीचं खाणं कमी होणं नेहमीचं : पोटात जागा नसते, अंगात अस्वस्थपणा असतो. टॉक्सिमियाची सुरुवातही अशीच होते. नुसतं 'कमी खाल्लं' एवढ्यावरून निवाडा होत नाही, म्हणून दर तीन तासांनी बघायचं ठरवलं. पेलेट तसेच पडलेत. गवत थोडं थोडं जातंय. कोथिंबीर पुढे केली तर लगेच ओढून घेते. लेंड्या पडतायत, आकार जरा लहान, पण गोल आणि सुट्या. पाणी पिते. कान हलतात, मी जवळ गेले की मान वर करते. तोंडाचा वास ती कोथिंबीर चघळत असताना अगदी जवळून घेतला : कोथिंबिरीचा.

डॉक्टरांना फोन करून हे सगळं वाचून दाखवलं. म्हणाले, हिरवं खातेय आणि लेंड्या टाकतेय तोवर बघत राहा. हिरवंही नाकारलं किंवा १२ तास लेंडी पडली नाही तर आणा. हा नियम वहीच्या मुखपृष्ठावर लिहिला. घरात इतर कुणाची पाळी असेल त्यालाही वाचता यावा म्हणून मोठ्या अक्षरात.

गाडीत पेटारा, टॉवेल आणि गरम पाण्याची रबरी पिशवी आधीच ठेवली.

२८ ऑक्टोबर

दुपारपर्यंत काही नाही. रात्री साडेनऊला केस उपटायला लागली. आधी पोळीवरचे, मग छातीचे, मग पोटाचे. मूठभर उपटायचे, पेटीत नेऊन कोंबायचे, परत यायचं. बघवत नाही, पण दुखत नसावं; या दिवसांत संप्रेरकांमुळे केसांची मुळं सैल होतात. पोटाकडचे केस गेले की सड उघडे पडतात, पिल्लांना सापडायला सोपं. आठ सड मोजले. बाहेर सांडलेले केस गोळा करून स्वच्छ पिशवीत ठेवले. पहिलटकरणी कधी कधी केस कमी काढतात, तेव्हा हा साठा लागतो.

खोलीतला दिवा घालवला, दार लोटलं. फोन कॅमेऱ्यासारखा लावून ठेवूया, असं चिरंजीवांचं म्हणणं. मी नाही म्हटलं. फोनचा उजेड पडणार, आवाज होणार, आणि शिवाय मी रात्रभर तो बघत बसणार. घाबरलेली मादी विणं थांबवते, पिल्लं तुडवते, क्वचित खातेही.

२९ ऑक्टोबर

पहाटे पावणेसहाला दार किलकिलं केलं. ढगी कुंपणात आडवी, पाय पसरून गवत खात होती. पेटीच्या काठावर रक्ताचा एक ठिपका. मागच्या डाव्या कोपऱ्यात राखाडी केसांचा ढीग, आणि तो ढीग मधूनमधून हलत होता.

झालं होतं सगळं. सशांचं विणं बहुतेक रात्री किंवा पहाटे होतं आणि अडचण नसली तर अर्ध्या तासात उरकतं. वार ती स्वतः खाते, त्यामुळे पेटीत घाण जवळजवळ नसते.

तपासणी मात्र आजच करायची होती. हिरवा पाला देऊन तिला दूरच्या टोकाला गुंतवलं. हात बिनवासाच्या साबणाने धुतले, तिच्या गवतात चोळले आणि केस बाजूला केले. सात. सहा जिवंत, एक मेलेलं. ते लगेच काढलं. आत राहिलं तर कुजतं. जिवंत सगळी कोरडी, गरम, नाळ सुटलेली. वजनं : ५४, ५२, ५१, ४९, ४८ आणि एक ३६. केस पुन्हा वर ओढून ठेवले आणि बाहेर आले.

सासूबाईंचं म्हणणं, माणसाचा हात लागला की आई पिल्लू टाकते. ढगी आपल्या माणसांच्या वासाला सरावलेली आहे. तिला फरक पडत नाही. त्रास होतो तो दंग्याचा. म्हणून दिवसातून एकदाच बघायचं.

हिशेब : २६ सप्टेंबरपासून ३३ दिवस, २८पासून ३१. म्हणजे पहिल्या दोन-तीन दिवसांतच लागली होती. भावाला कळवलं.

२९ ऑक्टोबर, रात्री

एक पिल्लू पेटीबाहेर, फरशीवर, थंडगार. पाजून आई उठली तेव्हा सडाला चिकटून राहिलं आणि तिच्यासोबत बाहेर आलं असणार. मांजर किंवा कुत्री पिल्लू तोंडात धरून परत नेते, ससा नेत नाही. बाहेर पडलेलं पिल्लू तिच्या लेखी तिथेच राहतं. हालचाल नव्हती. तरी थंड पिल्लू मेलं असं ठरवायचं नाही. आधी दोन्ही तळहातांत, मग टॉवेलात गुंडाळलेल्या कोमट पिशवीवर. अंग गार असताना तोंडात दूध मुळीच घालायचं नाही, पचत नाही आणि श्वासनलिकेत जातं. वीसेक मिनिटांनी मागचा पाय ताणला. पोट भरलेलं होतंच. ऊब पूर्ण आल्यावर भावंडांच्या मधोमध सोडलं. पेटीच्या दारापुढे जाड टॉवेलाची घडी टाकून ठेवली, पुन्हा कुणी पडलंच तर फरशी लागू नये म्हणून.

३० ऑक्टोबर

"आई, ती पिल्लांकडे जातच नाही." सकाळपासून हाच घोष. जात नाही, बरोबर आहे. सशाची आई दिवसातून एकदा, फार तर दोनदा, तीन ते पाच मिनिटं पाजते आणि बाकी वेळ घरट्यापासून लांब राहते. रानात सतत बिळाशी घुटमळणारी मादी शिकाऱ्याला पत्ताच देईल. दूध दाट असतं, गाईच्या दुधाच्या सुमारे तिप्पट स्निग्ध, म्हणून एवढ्यावर भागतं. तीन मिनिटांत आंधळ्या पिल्लांना सड सापडतो तो वासावर. आईच्या दुधातला हा गंध २००३ साली फ्रेंच संशोधकांनी ओळखून वेगळा केला. तो आला की पिल्लू डोकं इकडेतिकडे हलवत सड शोधतं आणि तोंडात घेतं.

तिला धरून पेटीत बसवावं असा आग्रह घरात झाला. नको. पोटं बघा म्हटलं : सहाही पोटं तट्ट, पातळ कातडीतून आतलं पांढरं दूध दिसतंय. उपाशी पिल्लू सुरकुतलेलं असतं आणि हात लागला की तडफडतं. वजनं पाच जणांची वाढलीत. छोटं ३६वर तसंच.

१ नोव्हेंबर

छोट्याला वाव मिळावा म्हणून पहाटे तिची पाजायची वेळ गाठली, दोन मोठी पिल्लं उबदार टोपलीत काढली आणि दोन मिनिटांनी परत ठेवली. आज ३९.

२ नोव्हेंबर

छोटं सकाळी मेलेलं सापडलं. काढलं. बाकी पाच ठीक.

५ नोव्हेंबर

अंगावर लव आली, रंगही कळायला लागले : तीन राखाडी, दोन पांढऱ्यावर काळे ठिपके. सगळ्यात मोठं १०६ ग्रॅम, म्हणजे आठवड्यात दुप्पट.

आता लक्ष आईकडे. रोज सडांवरून हात फिरवते. गरम, कडक, लाल किंवा निळसर गाठ लागली तर कासदाह. तो झपाट्याने वाढतो, आईला ताप येतो, दूध जातं. अजून सगळं मऊ आहे. खाणं दुप्पट झालंय, पाण्याचं वाडगं दिवसातून तीनदा भरावं लागतं. पेटीतलं भिजलेलं गवत काढते, पण तिच्या केसांचा थर शक्य तेवढा जपून.

९ नोव्हेंबर

चौघांचे डोळे उघडले. पाचव्याचा उजवा डोळा चिपडाने चिकटलेला. उकळून कोमट केलेल्या पाण्यात कापसाचा बोळा भिजवून धरला, पापणी आपोआप सुटेपर्यंत. ओढून उघडायचं नाही. आत पिवळा पू दिसला, म्हणून उद्या सकाळी डॉक्टरांकडे. बाराव्या दिवसानंतरही डोळा बंद राहिला तर नजर जाऊ शकते. पेटीतलं खालचं गवत पूर्ण बदललं, कारण हा संसर्ग बहुधा ओल्या घाणेरड्या गवतातून येतो.

पुढच्या तारखा : १९ नोव्हेंबरच्या सुमाराला पेटी काढायची, तोवर सगळी बाहेर उड्या मारत असतील. दूध तुटणं आठ आठवड्यांनी, म्हणजे २४ डिसेंबर. त्याआधी कुणालाही पिल्लू द्यायचं नाही, कितीही गळ घातली तरी. त्याच दिवशी डॉक्टरांकडून नर-मादी ओळखून घ्यायच्या आणि जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात नर वेगळे करायचे, बारा आठवड्यांची वाट बघायची नाही. ढगीच्या नसबंदीची तारीख दूध आटल्यावर. दोन पिल्लांना घरं मिळालीत. उरलेल्या तिघांसाठी शोध चालू.